चावी तिनं दिली

१

डबी उघडायच्या आधीच अप्पाराव काका म्हणले, "ही रिकामी हाय."

अर्पिता मॅडम हसल्या. "काका, काल संध्याकाळी तुमच्यासमोरच आत ठेवलं ना आपण."

काकांनी डबी तळहातावर तोलली. तीस वर्षं अंकुशनगरला कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्या मोजलेला माणूस. गाडी काट्यावर चढली की पावती निघायच्या आधी वजन सांगायचे. "न्हाई मॅडम. काल भरलेली होती. आज हलकी लागून राह्यली."

मॅडमनी झाकण उघडलं. आत मखमल. मधी घड्याळाच्या आकाराचा खड्डा. बस.

तेवढ्यात कारखान्याचा आठचा भोंगा झाला. भोंगा संपेपर्यंत आम्ही सगळे त्या खड्ड्याकडं बघत बसलो.

ह्या गोष्टीबद्दल गावात चार तऱ्हेचं सांगून राह्यलेत लोकं. म्हणून लिहितो. मी तिथं होतो. अन् चूक कुणाची होती हे मला ठाव हाय. माझी.

मी बुद्धभूषण. शहागडला स्टँडवर माझं घड्याळ-मोबाईल रिपेरिंगचं दुकान हाय. कुणी शिकवलं न्हाई मला. मामाचं घड्याळ खोललं, बिघडवलं, मार खाल्ला, मंग परत जोडलं. असं शिकलो. डोळ्याला लावायचं पहिलं भिंग मात्र ज्योत्स्नाताईनं आणून दिल्तं. काकांची पोरगी. आम्ही एकाच गल्लीतले. मी सहावीत होतो तवा ती इंजिनिअर होऊन आल्ती.

तीच ज्योत्स्नाताई मंग बाहेरच्या देशात गेली, अन् तिथून थेट वर. अंतराळात. अकरा दिवस राहून आली. एका परदेशी कंपनीनं तिच्यासाठी घड्याळ बनवलं, दुनियेत एकच. कसं पाह्यजे म्हणून इचारलं तर ताईनं सांगितलं, तबकडी आमच्या काळ्या रानाच्या रंगाची करा. आठच्या जागी लाल ठिपका द्या, भोंग्याचा. अन् चावीचं घड्याळ द्या, सेलचं नको. आत अजून एक छोटा काटा होता. किती तासांची चावी उरली ते दाखवणारा. त्याच्याखाली ताईनं मराठीत एक शब्द लिहून घेतला. 'शिल्लक'.

पूर्ण चावी दिली की बहात्तर तास चालायचं. पण ताई रोज सकाळी आठला द्यायची. वर पण. खालचा भोंगा मनात ऐकून, म्हणायची.

अंतराळातून नीट आली पोरगी. अन् मागच्या सीझनला शहागडच्या अलीकडं हायवेवर, सांजच्याला, उसाची एक ट्रॉली उभी होती. मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर.

एवढंच लिहितो त्याबद्दल.

२

ताईची एक इच्छा होती. ऊसतोडीला येणाऱ्या लोकांच्या पोरींसाठी अंकुशनगरला हॉस्टेल. सहा महिने फडावरच्या झोपडीत, कोपीत, अन् सहा महिने गावाकडं, अशा पोरींची शाळा सुटतेच. ती गेल्यावर काकांनी ठरवलं, घड्याळ लिलावात द्यायचं अन् हॉस्टेल बांधायचं. अर्पिता मॅडम हॉस्टेल बांधणाऱ्या ट्रस्टच्या. आदल्या दिवशी घड्याळ न्यायला आल्त्या. आज चारला इथून निघायचं, संभाजीनगरहून विमान, परवा लिलाव. घड्याळ गेलं म्हणजे हॉस्टेल गेलं.

"चारपर्यंत मी कुणाला कळवत नाही," मॅडम म्हणल्या. "एकदा बातमी फुटली की लिलाव रद्दच समजा."

"बुद्धभूषण बघंल," काका म्हणले. "घड्याळाचं त्यालाच कळतं."

असा मी डिटेक्टिव्ह झालो. खरं तर संशय माझ्यावरच पह्यला यायला पाह्यजे होता. आदल्या संध्याकाळी शेवटचं घड्याळ मीच हातात घेतल्तं. भिंग लावून पाह्यलं. मुंडी, म्हणजे चावी द्यायचं ते बटण, बाहेर ओढलेली. काटे साडेचारवर थांबलेले. 'शिल्लक'चा काटा साडेतीन तासावर.

तवा काकांनी इचारलं होतं, "तिकडं नेऊन काय करतेत रे ह्याचं?"

मला लई बोलायची हौस. मॅडमसमोर तर जास्तच. "पह्यलं काम, आतली स्प्रिंग मोकळी करतेत. उरलेली सगळी चावी उतरवून टाकतेत. फर्रर्र. दोन सेकंदाचं काम. मंग खोलतेत, धुतेत, तेल देतेत."

बेबीनंदा मावशी, ताईची आई, चहा घेऊन दारात उभ्या होत्या. ट्रेमधले कप वाजले, एवढं आठवतं. "कप तिरपा झाला मावशी," असं मीच म्हणलो.

मंग डबी लोखंडी कपाटात गेली. कपाटाची चावी अक्षता वहिनीकडं. वहिनी म्हणजे ताईच्या भावाची, भारतदादाची, बायको. शाळेवर शिकवती. चावी तिच्या पर्समधी अन् पर्स सैपाकघराच्या खिळ्याला, रोजचंच.

घरात रात्री चौघं. काका, मावशी, दादा, वहिनी. मॅडम कारखान्याच्या गेस्ट हाऊसला. बाहेर ओट्यावर पप्पू झोपल्ता, मॅडमची जीप चालवणारा.

मी कपाट पाह्यलं. कुलूप ठीक. वहिनीचे दागिने जागेवर. अन् घड्याळाचे कागद, सही-शिक्क्याचे, जसेच्या तसे. मी चाट पडलो. एवढं महागाचं घड्याळ बिनकागदाचं कोण घेतंय? कागद न्हाई तर ते नुस्तं टाईम दाखवायचं खेळणं. चोरानं कागद कसे ठेवले?

इकडं भारतदादाचा पारा चढत चालल्ता. "कपाट फोडलं न्हाई. म्हणजे चावीनं उघडलं. चावी कुणी दिली? आई, तू पहाटं उठती. तुला ठाव असंल. बोल. चावी कुणी दिली?"

मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. वर्षभरापासून दिवसभर तशाच बसतेत, कुणी बोलवलं न्हाईतर काम सांगितलं तरच उठतेत. त्यांनी मान वर केली. नजर समोर. समोर अक्षता वहिनी उभी होती.

"चावी तिनंच दिल्ती," मावशी म्हणल्या. "तिचीच चावी हाय ती."

३

दादानं वहिनीची पर्स जमिनीवर उलटी केली. खडूचे तुकडे, पेन, बसचा पास, गोळ्यांचं पाकीट. घड्याळ न्हाई.

"कुणाला दिली चावी? तुझ्या भावाला? सांग!"

वहिनी रडली न्हाई. गुडघ्यावर बसून एक-एक खडू गोळा केला. मंग आत गेली अन् पलंगाखालची बॅग ओढली. मी दारात उभा राह्यलो.

"वहिनी, मला तरी सांगा काय झालं ते."

"काय सांगू भाऊजी? पर्स खिळ्याला होती. सकाळी पण तिथंच. मी हात लावला न्हाई." ती कपडे कोंबून राह्यल्ती. "ताई वर गेल्त्या तवा अकरा दिवस मी आत्याबाईच्या, तुमच्या मावशीच्या, उशाला झोपले. त्या गेल्यावर तोंडात घास घातला ह्यांच्या. ह्या घरातलं मीठ-मिरची, परवाचे दहा किलो तांदूळ, सगळं ह्याच हातानं आणलं. अन् चोर मी?"

"मावशी भानावर नसतेत वहिनी."

"भानावर नसतेत म्हणून खरं बोलतेत, असं म्हणून राह्यलेत तुमचे दादा. चारची जीप शहागडवरनं जाती ना? मला तिथं सोडा. पुढं घनसावंगीला जाते मी माझी."

बॅगची चेन अडकली. तिनं अशी ओढली की तुटली. मंग तोंड भिंतीकडं करून बसली.

मी बाहेर आलो. आता दोन गोष्टी डोक्यावर. घड्याळ, अन् ही बॅग.

दादा मागं गोठ्यापाशी उभा होता. मी सरळ इचारलं, "दादा, घड्याळ द्यायचं न्हाई म्हणून घरात सगळ्यात जास्त कोण ओरडलं?"

"मी." त्यानं लपवलं न्हाई. "ताईचं काय राह्यलं रे आपल्याकडं? ते घड्याळ दवाखान्यातून ह्या हातानं आणलं मी. चालू होतं. माणूस थंड अन् घड्याळ चालू." तो थोडा थांबला. "पण मला चोरायचं असतं तर मी कागद फाडले असते. डबी चुलीत घातली असती. गुपचूप करायचं मला जमत न्हाई, तुला ठाव हाय."

ठाव होतं. भारतदादा रागावला की तीन गल्ल्यांना कळतं.

मंग राह्यला पप्पू. तो जीप पुसून राह्यल्ता.

"पप्पू, काल घड्याळासंगं किती सेल्फी काढले?"

"चौदा. पण भूषणभाऊ, आईशप्पथ, मला काट्याचं घड्याळ बघताच येत न्हाई. मोबाईलात बघतो टाईम. चोरून काय करू, कानात घालू?"

"सकाळी कुणी आलं-गेलं?"

"कुणी न्हाई. सहाला उठलो तर मावशी ओट्यावर सूप घेऊन बसल्या होत्या. मी म्हणलं, जयभीम मावशी. त्या बोलल्या न्हाईत."

मला वाटलं, ह्याच्यात काही न्हाई. गेलो पुढं. आता लिहिताना हसू बी येतं अन् रडू बी. सगळं त्यानं तिथंच सांगून टाकल्तं.

४

अकराला मावशी आपल्या आपण सैपाकाला उठल्या. वर्षात पह्यल्यांदा. म्हणल्या, "पाव्हणी उपाशी हाय." सैपाक त्यांनीच केला, कुणाला आत येऊ दिलं न्हाई. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा.

घरात चोरी झालेली, सून बॅग भरून बसलेली, अन् आम्ही मुक्यानं जेवून राह्यलो. मॅडमला भाकरी तोडता येईना. ठेच्यानं डोळ्यात पाणी. हळूच म्हणल्या, "मावशी, थोडा भात असेल का?"

"तांदूळ सरले," मावशी म्हणल्या.

काका कसनुसे झाले. आमच्याकडं रोज भाकर. भात होतो तो पाव्हण्यासाठी. पाव्हण्याला भात न्हाई म्हणजे घराची इज्जत गेली.

हात धुताना पप्पू कुरकुरला. "आपलं नशीबच खोटं. सकाळी मावशी सुपात तांदूळ पाखडत होत्या तवाच म्हणलं, पप्प्या, आज भात हाय. अन् पानात काय? भाकर."

माझा हात नळाखाली तसाच राह्यला.

सुपात तांदूळ होते. वहिनीनं परवाच दहा किलो आणलेत. अन् तांदूळ सरले?

तेवढ्यात मोबाईल वाजला. दुकानाचं गिऱ्हाईक, गोजरबाई आजी. शहागडची. म्हाताऱ्याचं भिंतीवरलं जुनं घड्याळ नीट करून दिल्तं मी. आजी फोनवर ओरडून बोलतेत.

"अरे भूषण्या! चालंना की रे हे! सकाळधरनं चावी देऊन राह्यले, बोटं दुखली माझी! चावी मीच दिली, अन् नातू म्हणतो तूच मोडलं!"

"काय म्हणल्या आजी?"

"बहिरा झाला का? चावी! चावी मी दिली!"

मी फोन ठेवला. आजीला उत्तर पण दिलं न्हाई.

पाच वर्षं झाली दुकान टाकून. दिवसाला दहा येळा हा शब्द ऐकतो. घड्याळाला चावी देणं. अन् सकाळपासून आम्ही सगळे कपाटाची चावी धरून बसलो होतो.

*चावी तिनंच दिल्ती. तिचीच चावी हाय ती.*

मावशी वहिनीबद्दल बोलल्याच नव्हत्या.

५

मंग सगळं एका ओळीत यायला लागलं. मी ओट्यावर डोकं धरून बसलो.

ताई गेल्याच्या तिसऱ्या दिवशी पहाटं साडेचारला मला फोन आल्ता. मावशींचा. "भूषण, हे घड्याळ बंद कसं करायचं रे?" मला वाटलं, टिकटिक सोसत नसंल. मी म्हणलं, "मावशी, बाजूची मुंडी बाहेर ओढा, थांबतंय."

बंद करायचं नव्हतं त्यांना. 'शिल्लक'चा काटा खाली चालल्ता. ताईनं शेवटची चावी दिली ती गेली त्याच दिवशी, सकाळी आठला. बहात्तर तास. तिसऱ्या दिवशी आठला संपणार होती. साडेतीन तास उरले तवा मावशींनी थांबवलं. वाचवून ठेवले.

त्या स्प्रिंगमधी पोरीच्या बोटाचा जोर होता. तेवढाच उरला होता दुनियेत.

अन् मी, हुशार, भिंगवाला, त्यांच्यासमोर सांगितलं. पह्यलं काम, चावी उतरवतेत. फर्रर्र.

कागद कशाला घेतील त्या? डबी कशाला? खिळ्याच्या पर्समधून चावी काढली, घड्याळ तेवढं उचललं. त्यांना घड्याळ बी नको होतं. आतलं पाह्यजे होतं.

मी उठून सैपाकघरात गेलो. मावशी एकट्याच. चुलीपुढं पाट घेऊन, पत्र्याच्या मोठ्या डब्याला पाठ लावून बसलेल्या. मी खाली बसलो.

"मावशी, मला भात खायचाय."

त्या डब्याला अजून टेकल्या.

"वाटीभर टाका."

"सरले म्हणलं न्हाई का."

"मोबाईल भिजल्यावर तांदळात ठेवायचा हे मीच सगळ्या गल्लीला शिकवलं मावशी. पण घड्याळ नसतं ठेवायचं. तांदळाचा भुसा जातो आत."

त्यांचा चेहरा एकदम घाबरा झाला. "म्हणून पाखडून घेतले मी. दोनदा. भुसा न्हाई राह्यला. फडक्यात गुंडाळलंय... बिघडलं का रे?" अन् मंग समजलं त्यांना, काय बोलून गेल्या ते.

डब्यात कोपरापर्यंत हात घातला त्यांनी. पांढऱ्या सुती फडक्याची गाठ निघाली. ताईच्या जुन्या ओढणीचं फडकं. माझ्या हातात दिली न्हाई. छातीशी धरली.

"हॉस्टेल होऊ दे. घड्याळ नेऊ दे. मी न्हाई म्हणते का? पण तिची चावी कशी उतरवतेत रे? तिनं दिलेली हाय. दोन सेकंदात?"

मी डब्याचं झाकण लावलं.

"मावशी," मंग म्हणलो, "वहिनी बॅग भरून बसलीय. तुम्ही 'तिनं दिली' म्हणल्या, अन् सगळ्यांनी वहिनीला धरलं."

त्या माझ्याकडं बघत राह्यल्या. त्यांना खरंच माहीत नव्हतं का, का माहीत असून गप्प राह्यल्या? मी खूप इचार केला त्याच्यावर. मला सांगता येत न्हाई. खोटं कशाला लिहू.

"अक्षताला?" एवढंच म्हणल्या.

६

साडेबारा व्हायला आल्ते. मी बाहेर येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, सुरुवातीपासून. माझ्या फर्रर्र सकट. दादा ऐकता ऐकता खाली बसला. काकांनी चष्मा काढला, पुसला, लावला न्हाई.

अर्पिता मॅडमनी घड्याळात पाह्यलं, त्यांच्या स्वतःच्या. "मला चारला निघायचंय. साडेतीन तास आहेत ना आपल्याकडे?"

"हायेत," मी म्हणलं.

"मग उतरवायची कशाला? चालू द्या. संपू दे आपलं आपण."

मावशींनी गाठ सोडली. मी म्हणलं, काटे आत्ताच्या टायमाला लावू का? "हात लावू नको काट्याला," त्या म्हणल्या. मुंडी त्यांनीच दाबली. अंगठ्यानं, पीठ लागलेल्या.

टिक.

साडेचारवर अडकलेलं घड्याळ वर्षभरानं पुढं निघालं.

मावशींनी ते कानाला लावलं. नंतर काकांच्या. काका ऐकून म्हणले, "भरलेलं लागतंय आता." दादानं कानाला लावलं अन् तोंड फिरवून अंगणात गेला. गल्लीतल्या कांताबाई काही तरी मागायला आल्या होत्या, त्या दारातच बसल्या, इचारलं बी न्हाई काय चाललंय. पप्पूनं मोबाईल खिशातून काढला न्हाई.

मावशींनी मंग घड्याळ घेतलं अन् आतल्या खोलीत गेल्या. वहिनी बॅगवर बसलेली. मावशी तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"अक्षता. मी त्या चावीचं बोलत होते गं. ह्या."

मावशींनी घड्याळ तिच्या कानापाशी नेलं. वहिनीनं मान बाजूला केली. मावशींनी हात तसाच धरला. किती येळ धरला असंल. हात खाली यायला लागला तवा वहिनीनं खालून आपला हात लावला, आधाराला. बस एवढंच.

बाहेर आपल्या टायमाला साडेतीन, पावणेचार झाले. ताईच्या घड्याळात साडेसात, पावणेआठ. 'शिल्लक'चा काटा शून्याला टेकला. तरी चालूच होतं. आवाज बारीक होत गेला. आठ वाजून चार मिनिटांनी सेकंदाचा काटा एका जागी थरथरला, अन् राह्यला.

लाल ठिपक्याच्या थोडंसं पुढं. भोंग्याची येळ. ताईची चावी द्यायची येळ.

मावशींनी ते कानालाच धरून ठेवलं. "वाजतंय अजून," म्हणल्या. कुणी न्हाई म्हणलं न्हाई.

जीपचा हॉर्न झाला. मॅडम दारात आल्या. मावशींनी घड्याळ कानावरनं काढलं अन् वहिनीच्या तळहातावर ठेवलं.

"आता तू दे चावी."

"मी न्हाई आत्या."

"दे. बंद घड्याळ घरातून काढू नये."

असला काही रिवाज न्हाई आमच्यात. मावशींनी तिथल्या तिथं केला. वहिनीनं माझ्याकडं पाह्यलं. मी म्हणलं, "पुढच्या बाजूला फिरवा. अडकलं की थांबा." ती फिरवत राह्यली. खोलीत नुस्ती करकर. घड्याळ चालू झालं.

गोष्ट इथं गोड होत न्हाई. वहिनी त्या जीपमधी बसली अन् शहागडला उतरून घनसावंगीला गेलीच. चेन तुटलेली बॅग दादानं जीपमधी ठेवली, तिच्याकडं न बघता. पाचव्या दिवशी दादा तिला आणायला गेला. ती आली. पण पर्स आता खिळ्याला नसती, तिच्या उशाशी असती.

लिलाव झाला. हॉस्टेलचा पाया खोदून राह्यलेत. घड्याळ आता कुण्या देशात, कुणाच्या हातावर हाय, आम्हाला ठाव न्हाई. काका रोज आठच्या भोंग्याला आपलं जुनं घड्याळ हातात घेतेत अन् मावशींकडं देतेत. त्या चावी देतेत.

अन् माझं म्हणाल तर, दुकानात कुणी बंद पडलेलं चावीचं घड्याळ आणलं की मी स्क्रू-ड्रायव्हर उचलत न्हाई. आधी इचारतो, "ह्याला शेवटची चावी कुणी दिल्ती?"

बरेच जण हसतेत. "मीच दिली की रे, काल." मंग मी खोलतो.

एखादा गप्प बसतो. त्याचं घड्याळ मी तसंच परत देतो.